दाराकडची कूस

चिखली,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

सौ. वन्सं यांस,
शालनचा नमस्कार.

इतकी वर्षं तुम्हाला ताई म्हणत आले. पण हॉस्पिटलच्या जिन्यात तुम्ही मला जे बोललात, त्यानंतर ताई म्हणायला जीभ वळत नाही. वन्सं हा शब्द माझ्या आईच्या पिढीचा. नणंदेला मान दिल्यासारखाही होतो आणि चार हात लांब ठेवल्यासारखंही होतं, म्हणून तोच बरा.

पत्र बघून हसाल. पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. तुमच्या भावासमोर तुमचं नाव काढलं तर ते ताटावरून उठतात. वाकडला तुमच्या सोसायटीच्या गेटवर यावं, तर वॉचमन वर फोन करून विचारणार, आणि वरून तुम्ही नाही म्हटलंत तर ती शोभा रस्त्यावर. पोस्टमनला मात्र कुणी नाही म्हणत नाही. म्हणून हे.

मजकूर एवढाच, की आत्याबाईंची माकडहाडावरची जखम भरली. काल सिस्टरनी शेवटची पट्टी काढली. ज्या जखमेवरून तुम्ही अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणालात, “माझ्या आईच्या पाठीला भोक पडेस्तोवर ही सून काय झोपा काढत होती का?” तीच जखम. आता तिथं नवी कातडी आलीय, बोटभर, गुळगुळीत. तुमच्या आईची म्हणून तुम्हाला कळवलं. माझी सासू म्हणून मी भरली.

ती जखम कशी झाली तेही एकदा ऐकून घ्या. गणपतीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि हॉस्पिटलात त्या पहिल्या दिवसापासून उताण्या पडून होत्या. जो तो सांगायचा, “हलवू नका, आराम करू द्या.” मी आराम करू दिला. एक सिस्टर जाताजाता म्हणाली, पाठ लाल झालीय का बघत जा. मी रोज बघत होते. पण आपल्या सावळ्या रंगावर लाल उमटतं कुठं? काळपट दिसलं, मला वाटलं उजेड कमी आहे. बेडसोर हा शब्द मी ऐकला तोवर कातडी गेलेली होती. त्याच मजल्यावर आणखी कितीजणांच्या पाठी तशा होत्या ते मी चादरी बदलताना डोळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्यांच्या सुना झोपा काढत होत्या, असं तुमचं म्हणणं असेल तर असो.

आता आत्याबाई आपल्या गावठाणाच्या मागं नवीन निघालेल्या केअर सेंटरमध्ये आहेत. खाली पत्र्याचं वर्कशॉप, वर पेशंट. पत्रा दाबायचा प्रेस चालू झाला की पाण्याचा ग्लास थरथरतो, पण माणसं चांगली आहेत. घरी आणलं असतं, पण आपल्या घरचा जिना तुम्हाला माहीत आहे. सकाळी ह्यांचा डबा झाला की मी जाते, ती दिवेलागणीला येते. रात्री तिथल्या नूरबी मावशी असतात. आलिया नावाची सिस्टर आहे, पोरगी वयानं लहान पण नजर करडी. तिनं पहिल्या दिवशी माझा हात धरून त्यांच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, “काकी, रंग बघू नका. हाताला गरम लागतंय का बघा, कडक लागतंय का बघा.” तेव्हापासून मी हातानं बघते. कूस बदलते, चादरीला चुणी राहू देत नाही, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवते. अंडं खात नाहीत म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि डाळ घालून घालून अंगावर मांस धरलंय.

भेटायला येणारे पाहुणे मात्र विचारतात, तनुजा कुठंय? तनुजा आली की केसरबाई बऱ्या होतील. तनुजाला किती माया आईची! मी हातात मुताचं भांडं घेऊन ऐकत असते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचा वास येत नाही, एवढंच म्हणते.

आत्याबाई तुमचं नाव काढत नाहीत. तुम्हाला काळजी नको म्हणून कळवून ठेवते.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

शालन


चिखली,
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

वन्सं,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. त्या तुमचं नाव काढतात. दुसरं काही काढतच नाहीत.

खोली तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगते. अरुंद आहे, पलंग एकाच रीतीनं बसतो. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. त्यांच्या उजव्या हाताला दार आणि डाव्या हाताला भिंत. दाराकडची बाजू ट्रॉलीला मोकळी लागते, म्हणून माझं स्टूल भिंतीकडं. आता बसलेल्या माणसाकडं तोंड करून झोपावं, ही साधी रीत. पण आत्याबाई उजव्या कुशीवर झोपतात, दाराकडं. लिफ्टचं दार वाजलं की मान उचलतात. “तनू आली का गं?” मी म्हणते, “न्हाई आत्याबाई, औषधवाला हाय.” मान खाली. पुन्हा लिफ्ट वाजते, पुन्हा मान वर.

आणि मी मागं. दिवसभर मला त्यांची पाठ दिसते. वन्सं, सासूची पाठ मला तोंडपाठ झालीय. कुठं तीळ आहे, कुठं लहानपणी विहिरीच्या दगडानं खरचटलेलं आहे, सगळं. तोंड मात्र तुमच्या वाटेकडं.

तुमची वाट बघून बघून त्यांच्या उजव्या खुब्याला जखम झालीय. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, आलिया सिस्टरचे शब्द आहेत. ती म्हणाली, एकाच कुशीवर इतका वेळ राहिलं की हवेची गादी तरी किती पुरी पडणार. आधी नुसतं गरम लागलं. मग खुब्यावरची कातडी जांभळी आणि टणक झाली, मग उघडली. डॉक्टरांनी सांगितलं, हाडापर्यंत गेली तर ऑपरेशनशिवाय गत नाही, आणि ह्या वयात, ह्या साखरेला ऑपरेशन झेपायचं नाही. हाडाला लागायच्या आत त्यांना त्या कुशीवरून उठवायचं, एवढाच उपाय आहे. दुसरा नाही.

उठवायला गेलं की काय होतं ते ऐका. आम्ही दोघी मिळून त्यांना भिंतीकडं वळवतो, पाठीला उशी लावतो. त्यांचा उजवा हात धडधाकट आहे, आणि त्या हातानं त्यांनी अख्खं आयुष्य पेंढ्या बांधल्यात. आम्ही पाठ फिरवली की उशी खाली जाते, तो हात मागं जाऊन पलंगाची दांडी धरतो, आणि बाई ओढत ओढत पुन्हा दाराकडं. उताणं ठेवलं तरी तेच. एकदा मी तोच हात धरून ठेवला, तर म्हणाल्या, “सोड गं. माझी लेक येईल न् मी भिंतीकडं त्वांड करून पडलेली दिसंल तिला. काय म्हणंल ती?”

मी सोडला.

भिंतीवर तुमच्या लग्नाचा फोटो लावून पाहिला. त्यांना मोतीबिंदूमुळं धूसर दिसतं, म्हणाल्या ही कुठली बाई? दाराला पडदा लावला, तर पडद्याकडं बघत राहिल्या. मग आलिया म्हणाली, सोपं आहे, पलंगच फिरवू. डोकं इकडचं तिकडं केलं की डाव्या कुशीवर झोपूनही दार दिसेल. आम्ही चौघांनी पलंग अर्धा फिरवला असेल-नसेल, आत्याबाई किंचाळल्या. “दक्षिणेला पाय? आगं मी मेले व्हय? तिरडी आणा की मग, पलंग कशाला!” बोबडं बोलणं, पण हे वाक्य अगदी स्वच्छ निघालं. संध्याकाळी ह्यांना कळलं तर तेही भडकले, माझ्या आईला जित्तेपणी उत्तरेला डोकं करून झोपवता का म्हणून. आलिया नंतर मला म्हणाली, “काकी, मला कळतं. आमच्यातही पाय कुठल्या दिशेला करायचे नाहीत ते ठरलेलं असतं.” पलंग परत होता तसा झाला.

आता मनातलं लिहिते, नाहीतर पत्र पुरं व्हायचं नाही. मला तुमचा हेवा वाटतो. नुसता हेवा नाही, पोटात दुखतं. तुम्ही वर्षातून दोनदा यायचात, एक साडी आणायचात, ती साडी त्यांनी कापूर घालून कपाटात ठेवलीय. मी आणलेल्या साड्या नेसून नेसून विटल्या, एकीचंही कधी नाव काढलं नाही. मी केलेल्या भाकरीला त्या म्हणायच्या, आज जाड झाली. तुम्ही वाकडहून विकतच्या पोळ्या आणल्यात, तर म्हणाल्या, किती पातळ केल्या गं माझ्या लेकीनं. नावडतीचं मीठ अळणी. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हापासून मी वाट बघतेय, एकदा तरी ह्या बाईनं माझ्याकडं तोंड करून “शालन, बस” म्हणावं. आता तर आजारपणच असं आलं, की पाठ करूनच झोपतात.

आणि तरीही मी तुम्हाला बोलावतेय. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण बोलावतेय. तुम्ही या. माझ्याशी बोलू नका, मी खाली टपरीवर चहाला जाईन. तुम्ही फक्त त्या भिंतीकडच्या स्टुलावर बसा. त्या आपण होऊन वळतील. उशी लागायची नाही की हात धरायला लागायचा नाही. तुम्ही नुसतं बसायचंय, वन्सं. मी तीन महिने जे करून दमले, ते तुम्ही नुसतं बसून कराल. आणखी काय लिहू?

शालन


चिखली,
गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

वन्सं,

तुमचं खोकं मिळालं.

ना चिठ्ठी, ना फोन. ऑनलाइन मागवलेलं, वर तुमचं नाव छापलेलं. आत रबराचं गोल कडं, हवा भरायचं, बसायला आणि झोपायला. मी मागितलं होतं माणूस, तुम्ही धाडलंत ट्यूब.

आलियानं बघताक्षणी बाजूला ठेवलं. म्हणाली, हे घालायचं नसतं काकी. मधली जागा मोकळी राहते, पण भोवतालचं दाबलं जातं, रक्त अडतं, जखम वाढते. मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघा, लेकीनं धाडलेलंही चुकीचं निघालं.

पण माझी खुशी फार टिकली नाही. आत्याबाईंनी विचारलं, “काय आलंय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तनुजानं धाडलंय म्हणून. झालं. कडं छातीशी धरलं. सोडायला तयार नाहीत. नूरबी मावशींना दाखवलं, झाडू मारायला येणाऱ्या बाईला दाखवलं, डॉक्टर राउंडला आले तर त्यांना दाखवलं. “माझ्या लेकीनं धाडलं. वाकडला असती. लई लांब हाय, न्हाईतर रोज आली असती.”

चिखलीहून वाकड लांब! वन्सं, कंपनीतली पोरं रोज त्याच्या दुप्पट लांब बाइकवर जातात आणि ओव्हरटाइम करून परत येतात.

मी एवढे महिने त्यांचं सगळं काढतेय. त्यांनी मला कधी कुणाला दाखवलं नाही. डॉक्टरांनी एकदा विचारलं, ह्या कोण? तर म्हणाल्या, “घरातलीच हाय.”

कडं छातीशी आहे आणि तोंड दाराकडंच आहे. आता तर जास्तच, कारण खोकं आलं म्हणजे मागनं लेक येणार. खुब्याची जखम खोल गेलीय. आज ड्रेसिंग करताना आलियानं तिची खोली दोनदा मोजली.

तुम्ही येणार नसाल तर काही धाडू तरी नका.

शालन


चिखली,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तनुजाताई,

जखम मागं हटलीय. हाडाला लागलेली नाही, हे आधी वाचा, मग बाकीचं.

तुम्ही आला नाहीत, तरी तुम्ही रोज येता. कसं ते सांगते. रागवायचं असेल तर रागवा, पण पुरतं वाचून.

तुमचं खोकं आलं त्याच्या पुढच्या आठवड्यातली दुपार. ड्रेसिंगसाठी त्यांना भिंतीकडं वळवलं होतं. आलियाचे हात भरलेले, मला म्हणाली, काकी, एवढं होईपर्यंत त्यांना असंच राहू द्या, काहीही करा. मी स्टुलावर बसून पुढं वाकले. त्यांच्या डोळ्यांना माझा नुसता आकार दिसला असणार. म्हणाल्या, “तनू?”

मी शालन म्हणणार होते. अगदी ओठावर होतं. पण त्यांचा उजवा हात दांडीकडं निघालेला मला दिसला, आणि तोंडातून निघालं, “व्हय आये. आले गं.”

मी त्यांना जन्मात आये म्हटलेलं नाही. आत्याबाई म्हणते. आये तुमचं. तुम्हीसुद्धा हल्ली लोकांसमोर मम्मी म्हणता, पण त्यांच्या कानात तुमचं आये आहे. तो हात अर्ध्यातनं वळला आणि माझ्या तोंडावर आला. गालावरून, कपाळावरून फिरला. “बारीक झालीस गं,” म्हणाल्या. ड्रेसिंग झालं, चादर ताणून झाली, तरी त्या हलल्या नाहीत. माझ्याकडं तोंड करून झोपी गेल्या. कडं आपसूक हातातून सुटलं, ते आलियानं उचलून नेलं.

मी तिथंच बसून रडले. कशासाठी ते मला विचारू नका. त्यांचं तोंड पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते, आणि ते तुमच्याकडं केलेलं होतं.

तेव्हापासून रोजचं झालं. दाराकडच्या कुशीची वेळ भरली की मी भिंतीकडं येते आणि म्हणते, “आये, आले गं.” लगेच वळतात. उशी नको, ओढाताण नको. आलियाला कळलंच होतं. तिनं एका अक्षरानं विचारलं नाही, पण त्यांच्यासमोर तीही मला तनूताई म्हणायला लागली. नूरबी मावशीही. आता माझं नाव ऐकायला मला घरी जावं लागतं, आणि घरी हे मला “अगं” म्हणतात.

तुमच्या जागेवर बसून मला काय काय ऐकावं लागलं तेही सांगते. माझ्या तक्रारी! “ती शालन हाय ना, घटकंघटकंला उठवती. डोळा लागू देत न्हाई. चादर अशी ताणती, जशी काय इस्त्रीच करायचीया. कूट कोंबती तोंडात.” मी म्हटलं, “मग बोलत का न्हाईस तिला?” तर म्हणाल्या, “बोलू काय? ऐकती व्हय ती कुणाचं! कुरुळीची हाय. तिकडच्या बायका अशाच टणक.” माझ्या माहेराचा उद्धार माझ्याच तोंडावर. मी मान हलवत होते, व्हय आये, खरं आये. हसू येत होतं आणि कानशिलं तापत होती.

एक दिवस मला राहवलं नाही. त्या बऱ्या मूडमध्ये होत्या, प्रेस बंद होता, खोलीत शांत होतं. मी विचारलं, “आये, मी नसते तवा तू दाराकडं बघत बसतीस. शालनची न्हाई का कधी वाट बघत?”

त्या हसल्या. वाकडं तोंड झालंय ना, अर्धंच हसता येतं. म्हणाल्या, “तिची कशाला बघू? ती हायच की. हाय त्याची कुणी वाट बघतं व्हय?”

ताई, हे वाक्य मी आठवडाभर उलटंसुलटं करून बघतेय. भांडी घासताना बघते, बसस्टॉपवर बघते. कधी वाटतं, सुनेला याहून मोठं काय मिळणार? कधी वाटतं, भिंतही असतेच की. भिंतीची कोण वाट बघतं? आणि काही असो, ते वाक्य त्या मला बोलल्याच नाहीत. ते तुम्हाला बोलल्या. माझ्याबद्दलची एवढी एकच बरी गोष्ट त्यांनी सांगितली, तीही तुम्हाला. तुमचं सामान तुमच्याकडं पोचवतेय. माझ्याकडं ठेवून घेतलं असतं, पण मग झोप लागली नसती.

खुब्याची जखम कडेनं भरत आलीय. आलिया म्हणते, अशीच कूस बदलत राहिली तर भरेल, फक्त हयगय नको. हे मी तिच्यासमोर बसून लिहितेय, म्हणजे अतिशयोक्ती नाही.

आता माझं मागणं. येत्या गुरुवारी मी कुरुळीला माहेरी जातेय, आठवडाभरासाठी. तिथं लग्न नाही, बारसं नाही, कुणी आजारी नाही. नुसती जातेय. ह्यांना सांगितलंय, तुमच्या आईपाशी तुमची बहीण बसेल. आधी ताटावरून उठले, मग थोड्या वेळानं येऊन परत बसले आणि जेवले. म्हणजे हो.

तुम्ही या. कसं तोंड दाखवू, याची काळजी करू नका. त्यांना वाटतंय तुम्ही महिनाभर रोज येताय, तेव्हा इतके दिवस कुठं होतीस, हे त्या विचारणार नाहीत. तेवढं तुमचं मी सोपं करून ठेवलंय. बारीक झालीस म्हणाल्या तर हो म्हणा. कूस कशी बदलायची ते आलिया दाखवेल. तिचं ऐका, आराम करू द्या म्हणणाऱ्या कुणाचं ऐकू नका. आणि पहिल्या दिवशी तिनं तुमचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला तर मागं घेऊ नका.

आणि माझ्या नंबरवरचा ब्लॉक काढा. मला तुमच्याकडून फक्त एक गोष्ट कळायला हवी आहे, ती पत्रानं येईपर्यंत मी थांबू शकणार नाही. मी तिथं नसताना, लिफ्ट वाजली की त्या मान उचलतात का, आणि कुणाचं नाव घेतात, ते मला कळवा.

माझं घेतलं, तर त्यांना तुमच्याकडं वळवायची घाई करू नका. दोन-चार मिनिटं बघू द्या दाराकडं. मग मात्र कूस बदला, ताई. खुबा अजून कच्चा आहे.

शालन